शेवटच्या खांबावरची यामना

दोरी ओढायला दोन हात लागतात आणि खटका दाबायला एक. यामनाकडे एकूण हातच दोन होते, आणि सगळी गोची तिथेच होती.

बाप होता तोवर बाप दोरी ओढायचा, यामना खटका दाबायची. बाप गेल्यावर यामना दोरीवर आली आणि धाकटी राब्हा खटक्यावर. आता राब्हाही लग्न होऊन डोंगरापल्याड गेली होती. ती तिकडे सुखात होती आणि खटका इकडे भिंतीवर पोरका झाला होता.

ही भानगड कशी ते सांगायला हवं. यामनाच्या शेडमध्ये एक रंध्याचं मशीन होतं, लाकूड गुळगुळीत करणारं बिडाचं धूड. शहरातली एक वखार बंद पडली तेव्हा बापाने ते मोठ्या हौसेने वर आणलं. आणल्यावर कळलं, की त्याला थ्री फेज लागते. तागुंट गावात होती सिंगल फेज, आणि तीही अशी, की डीपीपासून निघून शेवटच्या खांबापर्यंत येताना तिचा जीव मेटाकुटीला यायचा. शेवटचा खांब यामनाच्या दाराशी. पण बाप हिकमती माणूस. त्याने भंगारातून आणखी एक मोटर उचलली आणि तिला काहीच काम दिलं नाही. ती नुसती फिरत राहिली, की तिच्यातून तिसरी फेज निघायची आणि रंधा चालायचा. फक्त ही बाईसाहेब आपण होऊन उठायची नाही. तिच्या दांड्याला दोरी गुंडाळायची, हिसडा देऊन तिला गरगरवायची आणि अगदी त्याच क्षणी खटका दाबायचा. क्षण चुकला तर नुसती घुं घुं करत बसायची. आणि दोरीपासून खटका सात पावलं लांब.

त्या शनिवारी यामनाने नऊ वेळा दोरी ओढली, नऊ वेळा सात पावलं धावली आणि नऊ वेळा मोटरने तिला तोंडघशी पाडलं. दहाव्या वेळी दोरी गुंडाळताना दारात सावली पडली. तिने नीट वर पाहिलंसुद्धा नाही. डोक्यावरचा रुमाल सुटलेला, कपाळावर भुसा चिकटलेला.

"उभेच आहात तर तो खटका धरा," ती म्हणाली. "मी मान हलवली की दाबायचा. आधी नाही, नंतर नाही."

"कुठला खटका?"

"भिंतीवर एकच आहे."

तो माणूस गुपचूप भिंतीशी गेला. यामनाने पाय रोवले, दोरी ओढली, मान हलवली – आणि त्याने दाबला. बरोबर. अगदी केसाचाही फरक नाही. मोटर उठली, रंधा गर्जायला लागला, वरचा दिवा लालसर होऊन मिणमिणला आणि वरच्या आळीतून तीन-चार आवाज एकदम आले, "यामने, बंद कर ते! टीव्ही गेला!"

यामना मात्र हसत होती. तिने पहिल्यांदाच त्या माणसाकडे धड बघितलं. उंच, सावळा, पापण्या बायकांना हेवा वाटावा इतक्या लांब. खांद्यावर चामड्याची पिशवी. त्याने पिशवीतून मीटर काढला, दोन तारा लावल्या, आकडा पाहिला आणि मान डोलावली.

"मी खालच्या वीज ऑफिसातून आलोय," तो मोठ्याने म्हणाला, मशीनच्या आवाजात ऐकू जावं म्हणून. "वायरमन. गावाने तक्रार केली आहे. सकाळी लाइट कोण ओढतं ते शोधायचंय."

यामनाचं हसू विरलं. "मग… सापडलं का?"

"सापडलं." त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जो अजून खटक्यावर होता. "पण चोरीत मीच सामील निघालो."

त्याचं नाव इद्दर. शुक्रवारी नमाजानंतर गावची जमात, म्हणजे पंचायत, बसते, तिच्यासमोर त्याला अहवाल वाचायचा होता आणि मग ऑफिसात द्यायचा होता. अहवालात यामनाचं नाव आलं तर तिच्या मीटरला सील लागणार, हे दोघांनाही न सांगता कळलं. यामनाने शेडच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे देवदाराच्या सहा खिडक्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या.

"वरच्या वाडीत नवी शाळा झाली आहे. अठरा खिडक्या हव्यात. पहिला बर्फ पडायच्या आत बसवल्या नाहीत, तर काम शहरातल्या ठेकेदाराकडे जाईल, आणि तो वसंतात उगवेल. तोवर पोरांनी प्लास्टिक लावून कुडकुडायचं. माझी मात्र शेड कायमची बंद. सुतारकाम करणाऱ्या बाईला दुसऱ्यांदा काम कोण देतं?"

इद्दर खिडक्यांजवळ गेला. एका चौकटीच्या सांध्यावरून त्याने बोट फिरवलं. सांधा कुठे आहे ते बोटाला कळेना. मग त्याने दुसरी चौकट चाचपली.

"मला रोज मोजायला यावं लागेल," अखेर तो म्हणाला. "सकाळी. मशीन सुरू होताना."

"रोज?"

"एका आकड्यावर कोण विश्वास ठेवतो?"

आता एका आकड्यावर विश्वास ठेवता येतो की नाही ते वायरमन लोकांना ठाऊक. यामनाने तरी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रुमाल नीट बांधला, कपाळ पुसलं आणि मग स्वतःवरच चिडून पुन्हा थोडा भुसा उडवून घेतला.

रविवारी तो आला तो मुळी खांबावरूनच. पहाटेपासून तो एकेका खांबावर चढत होता. गावकऱ्यांनी आपापल्या हाताने जोडलेल्या तारा, हिरवट पडलेले सांधे, एका ठिकाणी तर तार चक्क चपलेच्या पट्ट्याने बांधलेली. सगळं त्याने खरवडून पुन्हा आवळलं. शेवटच्या खांबावर व्होल्टेज एकशेसाठ होतं ते पावणेदोनशे झालं. मोटर त्या दिवशी पहिल्या हिसड्याला उठली.

"लाडात आली आहे आज," यामना म्हणाली.

"कोण?"

"मोटर. आणखी कोण?"

तो हसला आणि खाली बघायला लागला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात हे तिला तेव्हा कळलं. ही माहिती तिने जपून ठेवली.

मशीन चालू असताना बोललेलं ऐकू येत नाही. त्यामुळे ती दोघं बघून बोलायची. यामनाने भुवई उचलली की फळीचं दुसरं टोक धरायचं, ओठ दाबले की सोडायचं. दुपारच्या आधी मशीन थांबलं की एकदम शांतता यायची, कानांत घुमणारी. मग यामना पुदिन्याचा चहा करायची, भाकरी आणि तेलाची वाटी मध्ये ठेवायची.

"शुक्रवारनंतर खटका कोण दाबणार?" एकदा त्याने विचारलं.

"राहील कोणीतरी दारात उभं."

"म्हणजे कोणीही चालेल?"

यामनाने भाकरीचा तुकडा मोडला आणि हसून विषय टाळला. त्याचा चेहरा पडला ते तिने पाहिलं. तरी बोलली नाही. कधी कधी माणूस आपल्याच तोंडाला कुलूप लावतं आणि किल्लीही स्वतःच गिळतं.

सोमवारी एक गडबड झाली. यामनाचा खांदा दुखत होता म्हणून इद्दर म्हणाला, आज दोरी मी ओढतो. त्याने दोरी गुंडाळली, ओढली, तिने खटका दाबला, मोटर झकास उठली. यामनाने रंध्यावर फळी टेकवली मात्र – फळी तिच्या हातातून हिसकावली गेली आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आदळली. पाती उलटी फिरत होती. मोटर उलटी उठवली, की रंधाही उलटाच चालतो.

त्याने झेप घेऊन खटका पाडला. तिच्या तळव्याची साल निघाली होती, रक्त येत होतं.

"दोरी उलटी गुंडाळलीत तुम्ही," ती म्हणाली.

"मी… डावखुरा आहे." तो पांढराफटक पडला होता. "जेवताना आई बदडायची, डाव्या हाताने खातोस म्हणून. ताटावर उजवा झालो. पण दोरी हातात आली की डावाच पुढे येतो. मला आधी सांगायला हवं होतं."

"जगात सगळे लोक सगळं आधी सांगतात का?"

त्याने पाणी आणलं, तळवा धुतला, आपल्याच पागोट्याची कड फाडून पट्टी बांधली. फार सावकाश बांधली. एवढ्याशा जखमेला एवढा वेळ लागत नाही हे त्यालाही माहीत होतं, तिलाही. बाहेर सफरचंदाच्या बागेत कोणीतरी गुणगुणत होतं. यामनाने हात मागे घेतला नाही, आणि त्या रात्री झोपताना पट्टीही सोडली नाही.

आणि मग मंगळवारी माशी शिंकली.

"अहवालात काय लिहिणार?" तिने चहा ओतता ओतता सहज विचारलं.

त्याने भाकरी खाली ठेवली.

"माझं नाव टाळाल ना?"

"यामना, खोटं मला लिहिता येणार नाही," तो म्हणाला. "तुमची मोटर उठताना लाइट बसते. रोज मीच मोजतोय. ते मी लिहिणार."

तिने किटली खाली ठेवली. "मग इतके दिवस काय, पुरावे गोळा करायला येत होतात?"

"तसं नाही. ऐकून घ्या…"

"माझी भाकरी खाऊन माझंच दार बंद करणार. शाबास. जा, खरं लिहा. पुष्कळ लिहा."

"मी अजून मोजतोय. पूर्ण ऐकाल तर –"

"उद्यापासून माझ्या शेडमध्ये पाऊल टाकू नका."

बुधवारी तिने खटक्याला काठी बांधून पाहिली, काठीला सुतळी, सुतळी पायाला. मोटर उठली नाही, सुतळी तुटली आणि ती स्वतः मात्र पडली. त्या दिवशी आणि गुरुवारीही इद्दर समोरच्या खांबाखाली नुसता उभा होता. आत आला नाही, गेलाही नाही. ती चहाचा एकच पेला घेऊन बसली. चहा कडू लागला. साखर दुप्पट होती तरी.

त्याच गुरुवारी दुपारी पाटावर भांडण झालं. इतोआजीच्या पाणीपाळीत कोणीतरी वरचं दार उघडलं होतं आणि आजीच्या सलगमांपर्यंत थेंब पोचला नव्हता. अमघार मोहादादा, म्हणजे गावचा कारभारी, काठी टेकत आला आणि दोन वाक्यांत निकाल दिला. "पाण्याला मालक नसतो, पाळी असते. आजीची पाळी चालू असताना वरच्याने दार उघडायचं नाही, आणि पाळी संपली की आजीने हट्ट धरायचा नाही." झालं. सगळे घरी गेले. यामना मात्र पाटाच्या कडेला तशीच उभी राहिली. वर पाणी, वर तारा. शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही, शेवटच्या खांबाला वीज. हे इतकं सोपं आपल्याला आजवर कसं सुचलं नाही, म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

शुक्रवारी अक्रोडाच्या झाडाखाली जमात बसली. पुरुष चटयांवर, बायका मागच्या भिंतीशी. बापामागे यामनाच घरची कर्ती, म्हणून तिलाही बोलायचा हक्क होता, पण आजवर तिने तो वापरला नव्हता.

इद्दरने कागद उघडला. एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.

"शेवटच्या खांबावरची मोटर उठते तेव्हा गावाची लाइट बसते," त्याने वाचलं. दुकानदार हम्मू मोठ्याने म्हणाला, "आम्ही काय वेगळं सांगत होतो?"

"पुढे आहे," इद्दर म्हणाला. "ती सगळ्यात जास्त बसते, जेव्हा मोहादादांचा पंप चालू असतो. आणि सकाळी सात घरांत हीटर लागलेले असतात. हम्मूभाऊंच्या दुकानात दोन फ्रीज, त्यातला एक रिकामाच चालतो. इतोआजींचा हीटर दिवसभर चालू असतो, आजी शेतात असल्या तरी."

"तो माझ्या गुडघ्यांसाठी आहे," इतोआजी म्हणाली.

"गुडघे शेतात तुमच्याबरोबरच असतात ना, आजी?"

हशा पिकला. मोहादादा दाढीत हात घालून गप्प बसला होता, कारण पंप त्याचा होता. आणि यामना त्या कागदाकडे बघत राहिली. त्याने खरं लिहिलं होतं. पुरतं खरं. एकटीवर बोट ठेवलं नव्हतं, आणि तिला वाचवायला खोटंही बोलला नव्हता. आणि आपण त्याला दाराबाहेर काढलं, ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

ती उठून उभी राहिली.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. "पाण्याची पाळी असते, तशी विजेचीही लावा. सूर्योदयापासून दुपारच्या बांगेपर्यंत माझी. तेवढ्या वेळात पंप बंद, हीटर बंद. बांग झाली की मी मोटरला हात लावणार नाही. तुमचे टीव्ही बघा, पाणी तापवा, काय हवं ते करा."

कुजबुज झाली. नको म्हणायला कोणाला कारण सापडेना. पाळी म्हटलं की या गावात प्रत्येकाला समजतं.

"गोष्ट बरोबर आहे," मोहादादा अखेर म्हणाला. "पण पाळीला राखणदार लागतो. नाहीतर रोज दार उघडं सापडेल. तारांचं कोणाला कळतं इथे?"

"मी राहीन राखणदार," इद्दर म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला, की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ऑफिस तासाभरावर आहे. मी जाऊन-येऊन करीन."

"तू भला माणूस आहेस, पोरा. पण राखणदार गावचाच हवा. इथे ज्याची चूल, त्याचाच शब्द चालतो. तुझी चूल कुठाय?"

"चूल… नाही."

"मग नाव कुठल्या चुलीवर लिहू?"

इद्दरने कागदाची घडी घातली. सगळी जमात त्याच्याकडे बघत होती.

"माझ्या चुलीवर लिहा," यामना म्हणाली.

भिंतीशी बसलेल्या बायकांनी माना वळवल्या.

"राखणदार म्हणून गं?" इतोआजीने हळूच विचारलं.

"घरचा म्हणून."

आणि तेवढ्यात हम्मूने तोंड घातलंच. "हे बरं आहे. खटका दाबायला माणूस मिळेना, म्हणून बाईने नवराच शोधला."

लोक हसले. इद्दर हसला नाही. त्याने पहिल्यांदा यामनाकडे पाहिलं, आणि त्या नजरेत विचारलेला प्रश्न तिला वाचता आला. कोणीही चाललं असतं का? त्या दिवशी भाकरी मोडताना तिने ज्याचं उत्तर दिलं नव्हतं, तोच प्रश्न. बारा खिडक्या उरल्या होत्या. बापाचं मशीन होतं. पण तो माणूस असा उभा होता, की आता गप्प राहिली असती तर सगळं मिळून काहीच मिळालं नसतं.

"मोहादादा," ती म्हणाली, "मला पाळी देऊ नका."

"काय?"

"देऊ नका. आजच सील लावा मीटरला. खिडक्या मी हातरंध्याने करीन, जमतील तेवढ्या. उरतील त्या ठेकेदार करील." "मशीन बंद करा, आणि मग पुन्हा विचारा मला, याचं नाव कुठल्या चुलीवर लिहायचं. मी हेच सांगीन. मला हा माणूस आवडतो. याच्याशी दोन दिवस बोलले नाही, तर मला जेवण गेलं नाही. बस. आता हसा."

कोणी हसलं नाही. हम्मू आपल्या चपला नीट लावण्यात गुंतला होता.

मोहादादाने काठी जमिनीवर आपटली. "सील कशाला लावायचं? तक्रार गावाने केली, गाव मागे घेईल. माझा पंप दुपारी चालेल. पोरांना खिडक्या कोण देणार, हम्मूचा रिकामा फ्रीज? पाळी लागली. आणि वायरमन, तुझं काय म्हणणं? पोरगी एवढं बोलली, तू मुका आहेस का?"

"नाही," इद्दर म्हणाला. "फक्त… मला श्वास घेऊ द्या."

जमात उठली तेव्हा ती दोघं पाटाच्या कडेने चालत होती. मध्ये एका माणसाचं अंतर, कारण सगळं गाव मागून बघत होतं.

"सगळ्यांसमोर मीच बोलले," अखेर यामना म्हणाली. "तुम्ही अजून एक शब्द काढला नाहीत."

"मी परवाच आईला फोन केला."

"परवा? कशासाठी?"

"म्हटलं, तागुंटमध्ये एक मुलगी आहे. येऊन मागणी घाल."

यामना थबकली. "परवा तर मी तुमच्याशी बोलतही नव्हते. हाकलून दिलं होतं."

"हो," तो म्हणाला. "खांबाखाली उभं राहून तोच विचार करत होतो. बोलत नाही, बघत नाही, चिडली आहे, आणि तरी मला दुसरीकडे कुठे जावंसंच वाटत नाही. मग आईला आणखी काय सांगणार?"

यामनाने चेहरा दुसरीकडे वळवला, कारण डोळे भरून आले होते आणि मागे इतोआजी मान लांब करून बघत होती.

"आई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मुलीने हो म्हटलंय का? मी म्हटलं, अजून नाही, सध्या ती भांडते आहे. तर म्हणाली, मग मी मंगळवारीच निघते."

यामना हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. आणि मधलं एका माणसाचं अंतर मोडून त्याच्या शेजारी चालू लागली. गाव बघत होतं, बघू दे.